चुकून खाल्लेली भाकर

खुशालराव हट्टी होता हे सांगणं म्हणजे वऱ्हाडातल्या जमिनीला काळी म्हणण्यासारखं आहे, त्यात नवं काही नाही. पण ज्या गोष्टीसाठी गावानं त्याला दहा वर्षं हट्टी म्हटलं, तिचा उगम हट्टात नव्हताच. तो होता भुकेत, घाईत आणि एका बसक्या बैलात.

बैलाचं आधी सांगून टाकतो. सन सत्तावन्नच्या दिवाळीनंतर खुशालरावानं बाजारातून एक बैल आणला. दिसायला असा की वाटेत लोक थांबून बघत. वखराला जुंपला आणि ओळीच्या मधोमध जो बसला तो शेपटी पिरगाळली तरी उठेना. गावाला तेवढंच पाहिजे होतं. त्या दिवसापासून गोवर्धन नावाचा एक टवाळ शेजारी खुशालरावाला ‘पारखी’ म्हणू लागला. म्हशीला रेडकू झालं तरी म्हणायचा, पारख्याला बोलवा. खुशालराव वरून हसायचा, पण आतून त्याचा जीव जळायचा. कुणी त्याला वाईट म्हणालं असतं तर चाललं असतं, कुणी त्याला येडा म्हणावं हे त्याला सहन होत नव्हतं. माणसामाणसाचं असतं.

मग आला अठ्ठावन्नचा जानेवारी. तेल्हाऱ्याकडच्या त्या गावातून दहा-बारा बैलबंड्या कापूस भरून अकोल्याच्या बाजारात गेल्या. त्यांत खुशालरावाची होती, गोवर्धनची होती आणि देवरावचीही होती. देवराव गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीतला, तीन एकराचा धनी. वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षा घेऊन आल्याला सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून त्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं, शिळं-उरलेलं घेणं सोडलं होतं आणि गावातले काही लोक त्यामुळे अजून फुरंगटलेले होते. बाजारात मात्र बंडीला बंडी लागून उभी राहते, तिथं जागा निवडता येत नाही. देवरावची बंडी खुशालरावाच्या बंडीला खेटून उभी होती.

हर्रास, म्हणजे कापसाचा लिलाव, लांबत गेला. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा खुशालराव अडत्याशी घासाघीस करून परत आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बंडीच्या उभारीला, कडेच्या उभ्या दांड्याला, हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली शिदोरी लटकत होती. त्यानं ती सोडली, चाकाला टेकून बसला आणि खायला लागला. दोन भाकरी, जवसाची चटणी, कांदा. जवसाची चटणी त्याला मनापासून आवडायची आणि त्याची बायको गोदाबाई ती कधी करायची नाही, तिला जवसाचा वास सोसत नसे. म्हणून तो भरल्या तोंडानं स्वतःशीच म्हणाला की आज गोदीनं जवसाची चटणी बरी केली.

ते फडकं गोदाबाईच्याच लुगड्याचं होतं, यात शंका नाही. फक्त त्या लुगड्याचे दोन तुकडे झाले होते. एक घरी शिदोरी बांधायला राहिला होता आणि दुसरा, दीक्षेच्या आधीच्या एका दिवाळीला, कापूस वेचायला येणाऱ्या भागीरथेला दिला होता. भागीरथा ही देवरावची बायको.

दुसरी भाकर संपत आली तेव्हा गोवर्धन समोर येऊन उभा राहिला. त्याच्यासोबत आणखी चार-पाच जण. गोवर्धनच्या चेहऱ्यावर बसक्या बैलाच्या दिवशी होतं तेच हसू होतं. तो म्हणाला, “खुशालभाऊ, बंडी कोनाची हाय ते पाह्यलं का?”

खुशालरावानं मान वर केली. उभारी देवरावची होती, चाक देवरावचं होतं. देवराव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन पलीकडे उभा होता आणि आपली भाकर दुसऱ्याच्या हातात बघत होता. एका क्षणात खुशालरावाला सगळं समजलं, आणि त्याच क्षणात हेही समजलं की आता गावभर होणार: पारख्याला आपली शिदोरीही ओळखता येत नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उरलेला तुकडा त्यानं चटणीला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाला, “पाह्यलं. देवरावची हाय. भूक लागली, खाल्ली. भाकर भाकर अस्ते.”

गोवर्धनचं हसू पुसलं गेलं. त्या एका गोष्टीचा खुशालरावाला इतका आनंद झाला की आपण काय बोललो हे कळायला त्याला संध्याकाळ व्हावी लागली.

देवराव पुढे आला. त्यानं तांब्या पुढे केला, कारण घास कोरडा होता. खुशालराव पाणीही प्यायला. आता मागे फिरायला जागा नव्हती.

बंड्या गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. गोदाबाईनं बंडीतून सामान उतरवलं तेव्हा तिच्या हाताला तिची शिदोरी लागली. गाठ तिनं बांधली होती तशीच होती. आत तीन भाकरी वाळून पापड झालेल्या आणि झुणक्याला वास सुटलेला. उपाशी माणूस स्वतःची शिदोरी तशीच ठेवून जाणूनबुजून दुसऱ्याची खात नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं भाकरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव ती काय बोलते म्हणून थांबला. भाकरी तिनं बैलांच्या गव्हाणीत टाकल्या आणि फडकं धुवायला घेतलं.

गावात भावकीचा कर्ता म्हणजे केशवराव, खुशालरावाचा चुलत भाऊ, वयानं बारा वर्षांनी मोठा. केशवराव वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन दिवसांनी खुशालरावाला घरी बोलावलं, शेजारी बसवून घेतलं आणि सोपा रस्ता दाखवला. चुकून खाल्ली म्हण, एक नारळ फोड, पाच जणांना जेवू घाल, झालं. खुशालराव हो म्हणणारच होता. शब्द जिभेवर आला होता. पण ओसरीच्या कोपऱ्यात गोवर्धन तंबाखू मळत बसला होता आणि त्यानं फक्त भुवया वर केल्या. खुशालराव म्हणाला, चुकून नाही, मालूम होऊन खाल्ली. केशवरावानं पुन्हा विचारलं. खुशालरावानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.

बहिष्कार हा शब्द कुणी काढला नाही. तो शब्द आता कोर्टातला झाला होता आणि केशवराव शहाणा होता. न्हावी येत होता, दुकानदार सामान देत होता, रस्त्यात रामरामही होत होता. फक्त पंगतीचं बोलावणं आलं नाही. मग लग्नाची पत्रिका आली नाही. मग भादव्यात गोदाबाईनं भुलाबाई मांडली तर गाणी म्हणायला एकही पोर आली नाही. त्यांची मुलगी मैना तेव्हा आठ वर्षांची होती. ती दारात खिरापतीचा डबा घेऊन बसली होती आणि पलीकडच्या घरातून गाणी ऐकू येत होती. शेवटी मायलेकींनी दोघींनीच दोन गाणी म्हटली.

आता माणसाचं एक आहे. एवढं सगळं आपण सोसतोय ते कशासाठी, याचं उत्तर त्याला लागतं. एका खोट्या शब्दासाठी आणि गोवर्धनच्या भुवईसाठी सोसतोय, हे उत्तर घेऊन कुणालाही रात्री झोप येणार नाही. तेव्हा खुशालराव दुसरं उत्तर शोधू लागला. आधी भाकर खाल्ली आणि मग भूक शोधली, असा उलटा प्रकार.

पहिल्या वर्षी तो फक्त चिडीनं वागला. देवरावच्या अंगणात जाऊन बसायचा, ते सुद्धा रस्त्यावरून दिसेल अशा जागी, आणि चहा प्यायचा. पिताना एक डोळा रस्त्यावर असायचा. दुसऱ्या वर्षी त्याला कारणं सापडली. तेल्हाऱ्याला जाऊन तो वर्तमानपत्र आणू लागला, एका शाळामास्तराशी वाद घालू लागला, उपाशी माणसाला जात नसते, पाणी कुणाच्या हातानं बाटत नसतं, असली वाक्यं पाठ करू लागला. आपल्या शेतातली विहीर त्यानं वस्तीला मोकळी केली, असं चार लोकांत जाहीर केलं. त्यावर देवराव हसून म्हणाला होता की आमची विहीर मागच्याच महिन्यात खोदून झाली, पाणी गोड लागलं, कधी आलात तर प्या. खुशालराव जरा खट्टू झाला होता.

पण एकसष्ट साली एक गोष्ट घडली. तो आणि देवराव बियाणं घ्यायला तेल्हाऱ्याला गेले होते. उन्हाची वेळ, दोघंही तहानलेले. दुकानदारानं खुशालरावाला पेला भरून पाणी दिलं आणि देवरावला ओंजळ करायला लावून वरून ओतलं. देवराव वाकला. इतकी वर्षं वाकत आलेली पाठ, ती नवीन धर्मातही सवयीनं क्षणभर वाकली, आणि मग त्याच्या लक्षात आलं आणि तो सरळ उभा राहिला. पाणी जमिनीवर सांडलं. खुशालरावाच्या हातातला पेला तसाच होता. त्यानं तो फळीवर ठेवून दिला आणि न पिता बाहेर आला. बियाणंही घेतलं नाही. दोघं उन्हातून तसेच कोरड्या घशानं गावाकडे चालत आले.

त्या दिवशी बघायला गावातलं कुणी नव्हतं. खुशालरावानं ती गोष्ट नंतरही कुणाला सांगितली नाही, गोदाबाईलासुद्धा नाही. माझ्या मते तो खऱ्या अर्थानं बदलला तो त्या दिवशी. तोवर त्याच्या तोंडात असलेलं त्या दिवशी पोटात उतरलं.

आणि पोटात उतरल्यावर आणखी एक गंमत झाली. बाजारातला तो दुपारचा प्रसंगच त्याच्या मनात बदलला. मैनाला तो सांगायचा की मी देवरावची बंडी पाहिली, फडकं पाहिलं, मनात म्हटलं आज बघूच काय होतं, आणि हात घातला. सांगताना त्याला ते डोळ्यांपुढे दिसायचं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. गोदाबाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि भाकर थापत राहायची.

गोदाबाई त्रेसष्टच्या पावसाळ्यात गेली. पाच वर्षं तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही आणि त्या वाळलेल्या भाकरींचंही कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर केशवरावाच्या घरचा दरवाजा तिला त्याच दिवशी उघडला असता. तिच्या मरणाला भाऊबंद आले, खांदा दिला, लाकडं दिली. पण मसणातून परतल्यावर सुतकाच्या घरी न्यायचा कडू घास घेऊन कुणी आलं नाही. तेरा वर्षांची मैना थंड चुलीसमोर बसून होती. दिवस कलता कलता भागीरथा पिठलं-भाकर घेऊन आली, पोरीला भरवलं, खुशालरावापुढे ताट सरकवलं. तो जेवला. त्या रात्रीपासून त्याच्या घरात बोलायला माणूस म्हणून एक पोरगी उरली आणि गावात बसायला जागा म्हणून एक अंगण.

अडुसष्ट उजाडलं. मैना अठरा वर्षांची झाली. दोन स्थळं येऊन गेली होती. पाहुणे चहा घ्यायचे, गावात विचारपूस करायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. तिसरं स्थळ अंजनगाव सुर्जीचं आलं. मुलगा शालिकराम, अमरावतीला शाळेत मास्तर. त्याचे वडील पुंजारामजी साधे गृहस्थ. त्यांना मुलगी पसंत पडली आणि मुलाला तर इतकी पडली की तो जाताना आपली छत्री विसरून गेला. पण पुंजारामजींची एक अट होती. मांडवात मुलीची भावकी दिसली पाहिजे. भाऊबंद नसलेल्या घरात सोयरीक केली तर उद्या आमच्या मुलींना कोण विचारील, असं ते म्हणाले, आणि ते म्हणाले त्यात त्यांच्यापुरतं खोटं काही नव्हतं.

केशवराव स्वतः चालत खुशालरावाच्या घरी आला. गोदाबाईची मयत सोडली तर दहा वर्षांत पहिल्यांदा. आता सत्तरीला टेकला होता, हातात काठी होती. खाटेवर बसून बराच वेळ धाप घालवत राहिला आणि मग म्हणाला की मरायच्या आधी हे एवढं निपटून टाकायचं आहे. रविवारी पुंजारामजी येतील, भाऊबंदही येतील.

“तू फक्त येवढं म्हन, खुशाल,” केशवराव म्हणाला, “का चुकून खाल्ली. नारळबिरळ काई नको. पोरीकडं पाह्य.”

खुशालरावाच्या मनात पहिला विचार आला तो असा: पण मी चुकून कुठे खाल्ली? आणि तो खरोखरच आठवू लागला. बंडी आठवली, फडकं आठवलं. मग कुठून तरी जवसाचा वास आला, आणि त्याच्यामागे एक जुनं वाक्य, भरल्या तोंडानं म्हटलेलं.

केशवराव गेल्यावर मैना आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती कधी बापापुढे जास्त बोलत नसे. त्या दिवशी मात्र उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “बाबा, माय गेली तुमच्या त्या भाकरीपायी चूप बसून. मले बी तसंच बसाचं हाय का?”

खुशालरावानं पायात वहाणा सरकवल्या. तो उठून देवरावकडे गेला.

देवरावचं घर आता बरं होतं. मुलगा धर्मपाल अमरावतीच्या वसतिगृहात राहून शिकला होता आणि सरकारी नोकरीला लागला होता; त्यानं अंगणात फरशी बसवून घेतली होती. भागीरथेनं नेहमीसारखा चहा आणून ठेवला. खुशालरावानं इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं की त्या दिवशी बाजारात नेमकं काय झालं होतं, तू तर तिथंच होतास.

देवरावनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. “तुमाले नाई आठवत?” तो म्हणाला. “मी मांगंच उभा होतो. तुमी म्हनले, आज गोदीनं जवसाची चटनी बरी केली. मंग गोवर्धन आला.”

“म्हंजे तुले पयल्यापासून मालूम होतं?”

“होतं ना. मी त्या दिवशी फुटाने खाल्ले.”

भागीरथा दारात हसली. खुशालरावाला हसू आलं नाही. दहा वर्षं आपण ज्याच्यापुढे ताठ मानेनं बसत आलो, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की ही मान कशावर उभी आहे. त्याला इतकी शरम वाटली की चहाचा कप हातात जड झाला. मग तू मला दहा वर्षं अंगणात का येऊ दिलंस, असं त्यानं विचारलं.

देवराव म्हणाला की सुरुवातीला गंमत वाटायची, पाहू किती दिवस टिकतो. मग तेल्हाऱ्याचं ते पाणी झालं, आणि त्यानंतर त्यानं मोजायचं सोडून दिलं. माणूस येतो तर येतो. केशवरावाच्या मागणीचं ऐकल्यावर तो म्हणाला, “सांगून टाका ना मंग. खरंच हाय ते. अन् आमचं काहून पाहता? तुमी आमची भाकर खाल्ली म्हनून आमी मोठे नाई झालो. आमी आमचे झालो.”

हे ऐकून खुशालरावाचं ओझं कमी व्हायला हवं होतं. उलट त्याला एकदम फार एकटं वाटलं. आपण एका माणसाच्या मानासाठी उभे आहोत, हा त्याचा दहा वर्षांचा आधार होता, आणि तो माणूस शांतपणे सांगत होता की माझ्या मानाला तुमचा टेकू कधीच नव्हता. बरं, हेही खरंच होतं.

परतताना वाटेत त्यानं ठरवलं. रविवारी खरं सांगायचं, पण पूर्ण सांगायचं. पहिली भाकर चुकून खाल्ली; त्यानंतरचं दहा वर्षांचं खाणंपिणं मात्र मालूम होऊन केलं, आणि उद्याही करीन. यात कुठेच खोटं नाही आणि पोरीचंही नुकसान नाही, पुंजारामजी समजूतदार आहेत. तीन दिवस तो हे वाक्य मनात घोळवत होता. बैलांना पाणी पाजताना एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

रविवारी ओसरीवर सतरंजी अंथरली. वीस-बावीस माणसं आली. काहींनी त्या घरात दहा वर्षांत पाय ठेवला नव्हता. ती आपली आढ्याकडे बघत बसली. पुंजारामजी लोडाला टेकून बसले. गोवर्धनही आला होता, त्याचे आता पुढचे दोन दात पडले होते. आतल्या दाराशी मैनाची बांगडी एकदा वाजली.

केशवराव म्हणाला, बोल खुशाल.

खुशालराव म्हणाला, “ते अकोल्याचं. ती भाकर म्या चुकून खाल्ली. मले मालूम नोतं.”

सगळ्या ओसरीनं श्वास सोडला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. त्यानं त्यासाठी श्वासही घेतला. पण तेवढ्यात केशवरावानं डोळे पुसले. म्हाताऱ्याला खरंच रडू आलं होतं. तो म्हणाला, झालं बाप्पा, झालं, आणि त्यानं खुशालरावाचा खांदा धरला. कुणी तरी पानाचं तबक पुढे सरकवलं. पुंजारामजी म्हणाले की मग तारखेचं बघू. आत मैना हुंदका देऊन हसली की रडली ते कळलं नाही, पण तो आवाज त्यानं ऐकला. मग आता नको, असं त्याला वाटलं. पाहुणे गेल्यावर सांगू. पाहुणे गेल्यावर वाटलं, लग्न होऊन जाऊ दे.

लग्न वैशाखात झालं. मांडवात भाऊबंद मावत नव्हते. बायांनी मैनाला हळद लावताना गोदाबाईची आठवण काढली आणि ज्या दहा वर्षं आल्या नव्हत्या त्या सगळ्यांत जास्त रडल्या. देवराव आणि भागीरथा आले होते, पितळेचा हंडा घेऊन. पंगत बसायच्या वेळी खुशालरावाला दिसलं की केशवरावाच्या पोरांनी लिंबाखाली पाच-सहा पत्रावळ्या वेगळ्या मांडल्या आहेत. देवरावनंही त्या पाहिल्या. तो म्हणाला की आम्ही जेवून आलो, आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवून दोघं निघून गेले. खुशालरावाच्या हातात वरणाची बादली होती. समोर अंजनगावची मंडळी बसली होती. तो वरण वाढत राहिला.

मैना सासरी गेली. दोन दिवस घरात मांडव उतरवणाऱ्यांची वर्दळ होती. तिसऱ्या दिवशी केशवरावाकडून जेवणाचं बोलावणं आलं. मरेपर्यंत ज्या पंगतीसाठी गोदाबाई झुरली त्या पंगतीत खुशालराव बसला, आणि घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. कुणी काही लागेल असं बोललं नाही. सगळे फार गोड वागले. हात धुऊन तो उठला आणि तसाच देवरावकडे गेला.

देवराव अंगणात अंबाडीची दोरी वळत बसला होता. त्यानं खाट पुढे ओढून दिली. खुशालराव बसला आणि म्हणाला, “देवराव, म्या तिथं अर्धंच सांगतलं. पयली भाकर चुकून होती. बाकीचे दहा वर्स मालूम होऊन होते.”

देवरावनं पीळ दिला, अंगठ्यात दोरी धरली. “मले मालूम हाय ते,” तो म्हणाला. “मले काहून सांगून राहिले? ज्याईले मालूम नाई त्याईले सांगाचं होतं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर खुशालरावाला बोलता तरी आलं असतं. भागीरथेनं चहा आणून ठेवला.

तेवढ्यात रस्त्यानं गोवर्धनची बंडी आली. खुशालरावाला त्या अंगणात पाहून त्यानं बैल थांबवले आणि बोळक्या तोंडानं हसत विचारलं, “काय खुशालभाऊ, आज बी चुकून का?”

खुशालराव उठला. कुंपणापर्यंत गेला. कप हातातच होता. “नाई, गोवर्धन,” तो म्हणाला. “मालूम होऊन. दहा वर्सांपासून मालूम होऊन पेऊन राहिलो. त्या दिवशी ओसरीवर हेच सांगाचं राहून गेलं.”

गोवर्धन आधी त्याच्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसायला लागला. पारखी तो पारखीच, असं काहीसं म्हणाला. बैलांना चुचकारून तो निघाला आणि पुढच्या वळणावर कुणाला तरी ती मजा सांगतानाही ऐकू आला. दहा वर्षांमागे खुशालराव खोटं बोलला तर साऱ्या गावानं ते खरं मानलं होतं. आता त्यानं खरं सांगितलं होतं, आणि गावातला एक टवाळसुद्धा ते मानायला तयार नव्हता.

तो परत येऊन खाटेवर बसला. देवरावनं दोरीचं एक टोक त्याच्याकडे दिलं, धरायला. खुशालरावानं ते घट्ट धरलं आणि अंधार पडेपर्यंत दोघं दोरी वळत राहिले.